सरकारी कार्यालयात दिव्यांगांचे आणि भाषेचे हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अण्णांची नजर गेली त्याला आता चौदा वर्षं झाली. रेशनकार्डापासून वारसनोंदीपर्यंत प्रत्येक कामाला मी त्यांच्याबरोबर गेले. त्या खेपांमधून जे कळलं ते आता इतरांचे अर्ज लिहून देताना उपयोगी पडतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. ती महाराष्ट्रातल्या कार्यालयांना धरून आहेत. जिथे केंद्र सरकारच्या कार्यालयाचा नियम वेगळा आहे तिथे तसं सांगितलं आहे.

हे हक्क कोणत्या कायद्यातून मिळतात?

मुख्य कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, आता एकवीस आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्यातून आलेलं अपंगत्व हे सगळं त्यात येतं. आपल्या घरातल्या माणसाचा आजार या यादीत आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं, तेव्हा यादी एकदा नीट वाचाच.

संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई आहे. अपंगत्वाचा उल्लेख तिथे नाही. ती जागा २०१६ च्या कायद्याचं कलम ३ भरून काढतं: केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कुणाशीही भेदभाव करता येणार नाही. ग्रामपंचायत, तहसील, महापालिका, सरकारी दवाखाना, एसटी, न्यायालय, सगळ्यांना हे लागू आहे.

‘वाजवी सोय’ म्हणजे नेमकं काय?

या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रॅम्प, लिफ्ट, ब्रेलमधल्या पाट्या या सर्वांसाठी असलेल्या सोयी झाल्या. कुणी मागो न मागो, त्या असायलाच हव्यात. वाजवी सोय वेगळी. एका विशिष्ट माणसाला, त्याच्या विशिष्ट कामासाठी, कामाच्या नेहमीच्या पद्धतीत जो बदल करून द्यावा लागतो, ती वाजवी सोय. रांगेत उभं राहता येत नाही त्याला बसून नंबर लावू देणं, सुनावणी तळमजल्यावर घेणं, मोठ्या अक्षरात नोटीस देणं, बोलायला वेळ लागणाऱ्याला पुरेसा वेळ देणं, गर्दीने बिथरणाऱ्या स्वमग्न मुलाचं काम सकाळी पहिल्यांदा उरकणं. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. खुर्चीवरच्या माणसाने उठून काउंटरच्या या बाजूला यायचं, एवढंच लागतं.

कायद्याने याला एक मर्यादा घातली आहे: कार्यालयावर अवाजवी किंवा बेसुमार भार पडता कामा नये. मात्र ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ म्हणजे अवाजवी भार नव्हे. आणि वाजवी सोय नाकारणं हा कायद्याच्या व्याख्येनेच भेदभाव आहे. ‘आम्ही भेदभाव कुठे केला, सगळ्यांना सारखंच वागवतो’ हे उत्तर म्हणूनच टिकत नाही. दिसत नसलेल्या माणसाच्या हातात सगळ्यांसारखाच छापील फॉर्म दिला, की तो त्या कामातून बाद झालाच.

माझ्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही, किंवा टक्केवारी ४० च्या खाली आहे. मग काहीच मागता येणार नाही का?

येतं. ४० टक्क्यांची अट आरक्षण आणि ठरावीक योजनांसाठी आहे. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के, घर आणि जमीन वाटपातलं ५ टक्के, हे त्यात येतं. समान वागणूक आणि वाजवी सोय यांसाठी ही अट नाही.

हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला, त्याचं अपंगत्व ४० टक्के नाही म्हणून, लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, सोयीचा हक्क टक्केवारीला बांधलेला नाही.

तरीही शक्य असेल तर युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढून ठेवा. ते देशभर चालतं आणि काउंटरवरचा वाद वाचवतं. ज्यांचं अपंगत्व वरवर दिसत नाही त्यांना तर ते जवळ हवंच.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. काय करायचं?

उचलून न्यायची तयारी दाखवली जाते, ती आधी नम्रपणे नाकारा. माणूस म्हणजे गोणी नव्हे. जिन्यावरून उचलून नेताना पडल्याने पुढे कायमची इजा झालेली मी पाहिली आहे. २०२३ मध्ये मुंबईत विवाहनोंदणीसाठी आलेल्या व्हीलचेअरवरच्या वधूला असंच दोन मजले उचलून न्यावं लागलं होतं. तिने ते जाहीरपणे मांडलं आणि सरकारला दखल घ्यावी लागली. अधिकारी खाली येऊन सही घेऊ शकत होते, प्रश्न तेवढाच होता.

तेव्हा मागणी तीच करा: ‘संबंधितांनी तळमजल्यावर येऊन काम करावं.’ कागद, शिक्का आणि पॅड खाली आणता येतात.

इमारतीबद्दलची तक्रार वेगळी करा. कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येईल अशा, करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नव्या इमारतीत सुगमतेचे नियम पाळले नसतील तर तिला बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असं कलम ४४ सांगतं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा एक नियमच रद्दबातल ठरवला, कारण त्यात नुसत्या शिफारशी होत्या, सक्ती नव्हती. सक्तीचे नियम करा, असं केंद्राला सांगितलं. तक्रारीत या निकालाचा उल्लेख जरूर करा.

मागणीचा अर्ज कसा लिहायचा?

छोटा, नेमका आणि कामाच्या तारखेच्या आधी. आजाराचा इतिहास लिहायची गरज नाही. मी साधारण असा लिहून देते:

‘मी व्हीलचेअर वापरतो. दि. ___ रोजी सकाळी ११ वाजता माझी सुनावणी आपल्या कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर आहे. तिथे लिफ्ट नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ नुसार सुनावणी तळमजल्यावर घ्यावी, ही विनंती. हे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, तेच सहीनिशी लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी सोय निघते. अर्ज आवक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवा.

‘सोबत कुणाला तरी घेऊन या’ असं सांगतात. हे बरोबर आहे का?

सोबत कुणाला आणायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. कार्यालय त्याची सक्ती करू शकत नाही. आणि सोबत कुणी असलं तरी बोलणं तुमच्याशीच व्हायला हवं. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. मालमत्ता, बँकेचे व्यवहार, कर्ज, सगळं तिच्या नावाने आणि तिच्या निर्णयाने चालतं.

एक प्रसंग सांगते. एका कार्यालयात प्रतिज्ञापत्रावर अण्णांची सही हवी होती. लिपिक मला म्हणाले, ‘यांचा अंगठा घ्या, आंधळ्यांचा अंगठाच चालतो.’ अण्णांनी शर्टाच्या खिशातून एक जाड कार्ड काढलं. पोस्टकार्डाएवढं, मधोमध बोटभर लांबीची खाच कापलेली. ते स्वतःच कापलेलं, कडा वापरून गुळगुळीत झालेल्या. त्यांनी मला विचारून कार्ड नेमक्या जागी ठेवलं, डाव्या हाताच्या तर्जनीने खाचेची सुरुवात चाचपली आणि चाळीस वर्षं करत आले तीच सही केली, शेवटच्या फराट्यासह. लिपिकांनी ती उचलून पाहिली आणि तरी म्हणाले, ‘पण नियम अंगठ्याचा आहे.’ मी म्हटलं, नियम दाखवा. तो कुणालाच दाखवता आला नाही, कारण तसा नियम नाही.

बँकांच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सांगितलं आहे की दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, एटीएम वगैरे सेवा इतरांसारख्याच द्याव्यात. अंगठा देण्यात कमीपणा नाही. पण ज्याला सही येते त्याच्या हातून ती काढून घेऊ नये.

मी कर्णबधिर आहे. कागदावर लिहून विचारतात, ते पुरेसं आहे का?

तुम्हाला पुरेसं वाटत असेल तर आहे. एरवी नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे. तिच्यात वाढलेल्या माणसाला सरकारी मराठीतलं ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वाचायला देणं म्हणजे परक्या भाषेतला कागद देण्यासारखंच आहे. कायद्यातल्या ‘संप्रेषण’ या शब्दात खुणा, ब्रेल, मोठी अक्षरं, सोपी भाषा हे सगळं धरलेलं आहे. म्हणून दुभाषी मागता येतो. तो किमान आठवडाभर आधी लेखी मागा, कारण प्रशिक्षित दुभाषी कमी आहेत.

घरच्या मुलाला दुभाषी बनवू नका, विशेषतः दवाखान्यात आणि पोलिसांत. दहा वर्षांच्या मुलाने आईच्या आजाराचं निदान तिला खुणांनी सांगावं, ही वेळ त्याच्यावर कुणी आणू नये.

पोलीस ठाण्यात काय हक्क आहेत?

दिव्यांग व्यक्तीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर तिची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या समक्ष नोंदवायची आणि तिचं चित्रीकरण करायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. बोलता न येणाऱ्याची साक्ष लिहून किंवा खुणांनी दिली तरी ती तोंडी साक्षच मानली जाते.

अर्ज मराठीत दिला तर चालतो का? इंग्रजीत आणा म्हणतात.

राज्याच्या कार्यालयात चालतो असं नव्हे, तोच नियम आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांच्यासाठी २०२२ मध्ये वेगळा कायदा झाला. फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने तर कार्यालयात येणाऱ्यांशी मराठीत बोलणंही बंधनकारक केलं, मराठी न येणाऱ्या बाहेरच्या लोकांचा अपवाद सोडून. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी.

केंद्राच्या कार्यालयांसाठी संविधानाचं कलम ३५० लक्षात ठेवा. गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

भाषेचा हक्क किती खोल जातो याचं एक जुनं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६२. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला स्थानबद्ध केलं आणि कारणं इंग्रजीत लिहून हातात दिली. त्याने भाषांतर मागितलं, ते नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धताच बेकायदा ठरवली, कारण माणसाला समजेल अशा भाषेत सांगितलं नाही तर ते सांगितलंच नाही.

आणि ज्यांना मराठीही येत नाही?

इथे आपण कमी पडतो, हे मान्य करायला हवं. मेळघाटातली कोरकू बोलणारी आई, गडचिरोलीतला माडिया बोलणारा म्हातारा, नंदुरबारच्या डोंगरातली पावरी बोलणारी सून. यांच्यासाठी प्रमाण मराठी हीदेखील कचेरीचीच भाषा असते. कलम ३५० निवेदनापुरतं आधार देतं. न्यायालयात आरोपीला न कळणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला समजावून सांगावी लागते. पण दवाखान्याच्या खिडकीवर आणि तहसीलच्या टेबलावर दुभाषी मिळेलच असा पक्का नियम नाही. तिथे गावातली आशाताई किंवा अंगणवाडीताई मध्ये उभी राहते आणि काम निभतं. मराठीसाठी जो आग्रह आपण धरतो तोच या भाषांसाठीही धरायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

लिहिता येत नाही, मग माहिती अधिकार कसा वापरायचा?

तोंडी सांगून. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६ प्रमाणे लिहू न शकणाऱ्याचा अर्ज लिहून घ्यायला मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. अर्ज मराठीत चालतो, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. दिसत किंवा ऐकू येत नसेल तर मिळालेली माहिती समजून घ्यायला आणि कागद पाहायलाही मदत करावी लागते, हे कलम ७ मध्ये आहे. ही दोन कलमं माझ्या पिशवीत छापलेलीच असतात.

ऑनलाइन केवायसी होत नाही. बोटांचे ठसे उमटत नाहीत, डोळे मिचकावा म्हणतं.

ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची नेमकी हीच अडचण सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती. पापण्याच मिटत नाहीत तर मिचकावणार काय? ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं आणि वीस निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय ठेवणं त्यातलंच एक. आधारच्या नोंदणीत बोटं नसतील तर बुबुळांवरून, आणि तेही शक्य नसेल तर अपवाद म्हणून नोंदणी होते. ‘मशीन घेत नाही’ हे शेवटचं उत्तर नव्हे. ‘अपवादाच्या नोंदणीची प्रक्रिया करा’ असं स्पष्ट म्हणा.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं. काढून टाकतील का?

२०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या कलम २० प्रमाणे काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीज जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. घाबरून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करू नका. मला भेटलेल्या दोघांनी ती केली होती.

तक्रार कुठे करायची?

इथे एक गल्लत नेहमी होते. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असतो, पण त्याच कायद्याच्या कलम २३ मधला हा अधिकारी नोकरीतल्या भेदभावासाठी आहे. कर्मचाऱ्याची तक्रार त्याने नोंदवहीत घेऊन दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं.

नागरिक म्हणून तुमची तक्रार आधी त्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे, मग राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला. केंद्राचं कार्यालय असेल तर दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडे. चौकशीसाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते साक्षीदार बोलावू शकतात, कागद मागवू शकतात. त्यांच्या शिफारशीवर कार्यालयाने तीन महिन्यांत कारवाई कळवायची, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणं तुम्हालाही कळवायची.

दाखला किंवा सेवा वेळेत मिळत नसेल तर दुसरा रस्ता आहे: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेला मुदत असते. ती चुकली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग लोकसेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो.

वकील परवडत नाही ही अडचण मनात आणू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

चारचौघांत अपमान केला तर?

दिव्यांग व्यक्तीला हिणवण्याच्या हेतूने लोकांसमक्ष अपमान करणं किंवा धमकावणं हा २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे: सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. काठी, श्रवणयंत्र, व्हीलचेअर यांची मुद्दाम मोडतोड किंवा अडवणूक त्याच कलमात येते. अपमान जातीवरूनही झाला असेल आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लावायला सांगा. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा कायदा आहे. दोन कायदे एकाच वेळी लागू शकतात.

मतदानाला जाता येत नाही.

४० टक्के अपंगत्व असेल तर नमुना १२-ड भरून घरून मतदान करता येतं. मुदत कमी असते, तेव्हा निवडणूक जाहीर होताच मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला (बीएलओ) गाठा. केंद्रावर जाणार असाल तर दृष्टिहीन मतदाराला सोबती नेता येतो, आणि यंत्रावर ब्रेलमध्ये क्रमांकही असतात.

तक्रार केली तर पुढच्या कामात अडवतील, अशी भीती वाटते.

भीती खोटी नाही. गाव लहान असतं, कार्यालय एकच असतं आणि पुढच्या महिन्यात त्याच टेबलावर जायचं असतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी तक्रार लिहून देत नाही. आधी सोयीची मागणी, पोच घेऊन. आठवड्याने स्मरणपत्र, पहिल्या अर्जाच्या आवक क्रमांकासह. मग वरिष्ठांना प्रत. तक्रारीपर्यंत पोचायच्या आतच बहुतेक कामं होतात. आणि जावं लागलंच, तर एकट्याने जाऊ नका. त्याच जिन्यापाशी अडलेले आणखी चारजण शोधा आणि अर्जावर पाचांच्या सह्या घ्या. कार्डाची खाच हवी असेल तर अण्णा कापून देतात.